निकाल वाचणारी कर्नल

'सर्व्हिंग इन सायलेन्स' ही टेलिफिल्म अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर फेब्रुवारी १९९५ मध्ये दाखवली गेली. मी ती बरीच उशिरा पाहिली आणि सुरुवातीला थोडी हिरमुसलेच. लष्करातल्या पूर्वग्रहाची गोष्ट म्हटल्यावर आपल्याला एक खलनायक हवा असतो, म्हणजे त्याच्यावर चिडून मोकळं होता येतं. इथे सगळे सभ्य. नियम पुढे करणारी माणसं चांगली शिकलेली, मृदू बोलणारी. मला अस्वस्थ केलं ते या सभ्यपणानेच.

गोष्ट खरी आहे. मार्गारेथ कॅमरमायर यांचा जन्म १९४२ चा, नाझींच्या ताब्यातल्या ऑस्लोचा. घर नॉर्वेच्या भूमिगत चळवळीतलं. पुढे अमेरिका, लष्करी परिचर्या, व्हिएतनाममधलं रुग्णालय, ब्राँझ स्टार. १९६८ मध्ये त्यांना दिवस गेले आणि लष्कराने त्यांना घरी पाठवलं, कारण मूल असलेल्या स्त्रीला तेव्हा गणवेशात जागा नव्हती. १९७२ मध्ये नियम बदलल्यावर त्या परतल्या. चार मुलगे झाले, घटस्फोट झाला, कर्नलपद मिळालं. १९८९ मध्ये आर्मी वॉर कॉलेजच्या प्रवेशासाठी सुरक्षा चौकशी झाली. ठरावीक प्रश्नांच्या ओघात समलैंगिकतेचा प्रश्न आला आणि त्यांनी खरं उत्तर दिलं. ना कुणी तक्रार केली होती, ना कुणी चिठ्ठी फोडली होती. जिथे खोटं बोलणं हा गुन्हा, तिथेच खरं बोलणं हाही गुन्हा ठरला.

कॅमरमायर यांची भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजने हा प्रसंग फार थोडक्यात केला आहे. आवाज चढत नाही, डोळे भरून येत नाहीत. रुग्णाचा ताप सांगावा तसं ती स्वतःबद्दल सांगते. हे बोलून आपण काय केलं, ते तिला पुरतं उमगायला वेळ लागतो आणि ते उमगणं आपल्याला तिच्या चेहऱ्यावर दिसत राहतं.

१९९१ मध्ये त्यांच्या प्रकरणावर लष्करी मंडळ बसलं. अध्यक्षस्थानी कर्नल पॅट्सी थॉम्पसन होत्या, नॅशनल गार्डच्या मुख्य परिचारिका. कॅमरमायर यांना एक दिवस जे पद हवं होतं, नेमकं तेच. निकाल देताना थॉम्पसन यांनी आधी समोरच्या स्त्रीची तोंड भरून स्तुती केली आणि मग तिला सेवेतून काढावं अशी शिफारस वाचली. पुढे, निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, थॉम्पसन यांनी जाहीरपणे सांगितलं की त्या स्वतःही समलैंगिक होत्या.

टेलिफिल्म बनली तेव्हा जगाला हे माहीत नव्हतं. म्हणजे या गोष्टीतला सर्वांत मोठा प्रसंग तिच्या लेखिकेच्या हाती लागलाच नाही. पटकथेला एमी मिळालं, क्लोजला मिळालं, जूडी डेव्हिसलाही मिळालं. तरी मला वाटतं, खरं नाट्य टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलं होतं. काय झालं असेल त्या बाईंचं? नकार द्यावा, तर का नकार दिला असा प्रश्न येणार. शिक्षा सौम्य करावी, तर नियमात तशी सोय नाही. उरली ती स्तुती. तेवढीच त्यांना वाचून दाखवता आली. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो काही आला नाही, आणि न येण्याचं मी अजून नीट समर्थनही करू शकत नाही.

टेलिफिल्ममधलं प्रेम मात्र मला जरा बेतास बात वाटलं. कॅमरमायर यांची जोडीदार, चित्रकार डायन, जूडी डेव्हिसने केली आहे. ती घरात आहे, सोबत करते, काळजी करते, पण तिला स्वतःचं काही मागणं आहे असं क्वचितच जाणवतं. शेवटाकडे दोघींचं एक चुंबन आहे, काही क्षणांचं. तेवढ्यावरून प्रक्षेपणाआधी चर्चेचा धुरळा उडाला. रणांगणावरची प्रेतं दाखवायला कुठल्याच वाहिनीला असा विचार करावा लागत नाही.

पुढचं सांगायला फार वेळ नको. १९९२ मध्ये कॅमरमायर यांना काढलं. १९९४ मध्ये सिएटलच्या न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य ठरवलं, त्या पुन्हा रुजू झाल्या आणि १९९७ मध्ये निवृत्त. दरम्यान 'विचारू नका, सांगू नका' हा नवा कायदा आला होता. तो सप्टेंबर २०११ पर्यंत टिकला आणि त्याखाली तेरा हजारांहून अधिक जणांची नोकरी गेली. २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली, तेव्हा मार्गारेथ आणि डायन यांनी लग्न केलं.

ही फक्त तिकडची गोष्ट, असं म्हणायची मात्र सोय नाही. लेफ्टनंट सेलिना जॉन आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होत्या. त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशीच लग्न केलं. त्यात लपवण्यासारखं, चारचौघांत खाली पाहण्यासारखं काहीच नव्हतं. पण परिचारिकेने लग्न केलं तर नोकरी संपते असा १९७७ चा आदेश होता आणि १९८८ मध्ये त्यांना घरी पाठवलं गेलं. नवऱ्याची नोकरी अर्थातच शाबूत. १९९५ मध्ये, म्हणजे अमेरिकेत ही टेलिफिल्म दाखवली गेली त्याच वर्षी, आपल्याकडचा तो आदेश मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती कारवाई उघड मनमानी आणि लिंगभेद ठरवून ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. मधे छत्तीस वर्षं गेली.

त्या लग्नाला युनिटमधलं कोण कोण गेलं होतं, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे. बडतर्फीच्या कागदावर सही करणारा त्यांतलाच एखादा होता का? असेल तर अक्षता टाकून, चांगला आहेर देऊन, पोटभर जेवूनच परतला असेल.