श्रीनगरला शिवलेला कोट

आमच्या रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरवर आणायचा आणि पायावर चादर ओढायची, एवढीच. त्यामुळे चाळिशी ओलांडली तरी आम्हा दोघी बहिणींच्या कपाटात कोट कधी आलाच नव्हता. तो घ्यायची वेळ आली धाकटीच्या व्हिसामुळे. तिचे शौहर तीन वर्षांपासून बर्मिंगहॅमला नोकरीला आहेत आणि फेब्रुवारीत तिला तिकडे जायचे आहे. म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही श्रीनगर गाठले. तिला थंडीची थोडी ओळख होईल आणि कोटही घेता येईल, असा दुहेरी हिशोब होता.

आधी आमची मापे सांगून टाकतो. दोघींची उंची चार फूट अकरा इंच. दोघी अंगाने भरलेल्या, छाती आणि कमरेखालचा भाग भारी, हात आखूड. शाळेत पाठीमागे मुले काय म्हणतात ते थोरलीला ठाऊक आहे आणि ती ते मनाला लावून घेत नाही. धाकटीचे तसे नाही. थायरॉईडच्या दुखण्यात दोन वर्षांत तिचे वजन चौदा किलोंनी वाढले. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर ती फोन असा धरते की फक्त चेहरा दिसावा. घरातल्या लग्नांच्या फोटोत ती कायम कुणाच्या तरी मागे उभी असते. विमानात खिडकीबाहेर बघत तिने विचारले, "आपा, ते एअरपोर्टवर मला ओळखतील ना?" आम्ही ते हसण्यावारी नेले. नेऊ नये होते.

21 डिसेंबरला काश्मिरात चिल्लई कलां सुरू होते. चाळीस दिवसांची ही खरी थंडी, मग वीस दिवसांची चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांची चिल्लई बच्चा. आम्ही पोहोचलो तेव्हा चिनार उघडे पडले होते आणि सकाळी दलच्या काठाला बर्फाची पातळ साय धरलेली असे. घरून आणलेले दोन-दोन स्वेटर आणि त्यावर शाल, असा आमचा जामानिमा. आरशात बघितले तर गादीची वळकटी. उबही धड नाही, कारण शाल सावरता सावरता हात सतत उघडेच.

दुसऱ्या दिवशी गुलमर्गला निघालो. वाटेत तंगमर्गला पर्यटकांना कोट आणि रबरी बूट भाड्याने मिळतात. आम्हाला मिळाले ते कोट बहुधा सहा फुटी माणसाच्या मापाचे होते. खांद्याची शिवण दंडावर, बाह्या बोटांच्या खाली, घेर पायात. "ढीलाढाला चांगला, सगळं झाकलं जातं," असे म्हणत धाकटीने तो घालून घेतला. गुलमर्गला गाडीतून उतरताना पायाखाली कोटाचीच कड आली आणि ती बर्फावर आडवी झाली. लागले काही नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण हात बाहीत अडकल्यामुळे तिला स्वतःहून उठता येईना. शेजारच्या सहलीतल्या एका मुलाने मोबाइल काढला. त्यानंतर ती गाडीतच बसून राहिली. समोर एवढा पांढरा डोंगर, आणि ती काच वर करून बसलेली.

परतताना आम्ही रस्त्यावरच्या बायकांकडे नीट बघू लागलो. काश्मिरी बायका काही सगळ्या उंच आणि सडपातळ नसतात. आमच्यासारख्या कितीतरी होत्या, पण गाठोडे कुणीच दिसत नव्हते. त्यांच्या अंगावर होता फेरन. फेरनाला कंबर नसते. तो खांद्यावरून सरळ खाली उतरतो आणि बाही इतकी रुंद असते की हात आत ओढून घेऊन पोटाशी कांगडी धरता येते. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे, आत निखारे. पूर्वीचे फेरन पायघोळ असत, आता बरेचसे गुडघ्याच्या आसपास थांबतात. ज्यांच्या फेरनावर गळ्यापासून खाली सरळ उतरणारी तिल्ल्याची जरीपट्टी होती, त्या बायका उंच वाटत होत्या. ज्यांच्या घेराला आणि खिशांभोवती रुंद काम होते, त्या पसरट दिसत होत्या. नजर उभी चालते की आडवी, यावर सगळे होते. वर्गात फळ्यावर उभ्या-आडव्या रेषा काढणाऱ्या आम्हाला हे इतकी वर्षे सुचले नव्हते!

फेरन आम्ही एक घेतलाच, घरात घालायला. पण बर्मिंगहॅमच्या बसमध्ये चढता-उतरताना आणि भिजऱ्या वाऱ्यात तो जमला नसता. कोट हवाच होता.

पोलो व्ह्यूपासून लाल चौकापर्यंत तयार कोट पुष्कळ आहेत. जाड फुगीर कोट घातले तर आडव्या फुगवट्यांमुळे आम्ही ड्रमसारख्या दिसलो. त्यातल्या त्यात बारीक आणि तिरक्या शिवणीचे बरे वाटले. लोकरीचे कोट छातीला बसले तर खांद्याला मोठे, खांद्याला बसले तर बटण लागेना. दोन ओळी बटणांचा एक कोट दुकानदाराने फार कौतुकाने दाखवला. तो पुढून दुहेरी होतो, म्हणजे जिथे आधीच भरपूर आहे तिथे आणखी एक थर. एका दुकानात सांगितले, "मोठा घ्या, खालून कापून देतो." आम्ही जवळजवळ घेतलाही होता.

तो घेतला नाही याचे श्रेय एका म्हाताऱ्या दर्जीचाचांना. हॉटेलातल्या बाईंनी त्यांचा पत्ता दिला. लाकडी जिना, वर छोटी खोली, जमिनीवर कांगडी आणि भिंतीला टांगलेले अर्धवट कोट. आम्ही कापून घ्यायची गोष्ट काढताच ते म्हणाले, "नीचे से काटोगे तो कोट छोटा होगा, आपके नाप का नहीं होगा." मग खडूने टेबलावरच चित्र काढले. मोठ्या कोटाची कंबर आमच्या नितंबांवर येते, खिसे मांडीवर जातात आणि शेवटचे बटण नको तिथे. बुटक्या बाईचा कोट म्हणजे उंच बाईचा छाटलेला कोट नव्हे. त्यात खांदा अरुंद, मुंढा वर, कंबर अर्धा-पाऊण इंच वर आणि खिसेही वर सरकवावे लागतात.

धाकटी म्हणाली, "चाचा, मला सैल द्या. अंगाचा आकार दिसायला नको." आम्हाला वाटले आता वाद होणार. चाचांनी मान हलवली आणि टेप खांद्यावर ठेवला. "कोट कंधे से लटकता है बेटी. यहाँ ठीक बैठ गया तो नीचे जितना चाहो ढीला रखो." खांदा नेमका, छातीवर पुरेशी जागा, तिथून प्रिन्सेस कटच्या उभ्या शिवणी आणि खाली हलका घेर. कंबर आवळलेली नाही, फक्त सुचवलेली. पट्टा नाही. बटणांची एकच ओळ, कॉलर अरुंद, खिसे शिवणीतच लपवलेले. अंग झाकलेलेही राहते आणि बाई हरवतही नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनाही आम्ही शिकवली, असे अभिमानाने सांगतो. आमच्या कमिजा गुडघ्याच्या खाली जातात. कोट गुडघ्याच्या वर थांबला की खाली कमीज, त्याखाली सलवार, असे तीन मजले दिसतात आणि आधीच बुटकी बाई आणखी बुटकी होते. चाचांनी कोट गुडघ्याच्या वर आखला होता. आम्ही कमीज दाखवली. ते थोडे थांबले, हसले आणि खडूची रेघ खाली घेतली: कमिजेपेक्षा दोन बोटे लांब, पण पोटरीच्या मध्यावर नाही. पोटरीच्या सर्वांत जाड जागी कड आली तर पाय तिथेच संपल्यासारखे वाटतात. रंग गडद हिरवा ठरला, सलवारीही त्याच रंगाच्या घ्यायचे ठरले. चौकड्याचे कापड धाकटीला आवडले होते, ते तिने निमूटपणे परत ठेवले.

कापड खोऱ्यातलेच ट्वीड, घट्ट विणीचे. पातळ पण वजनदार. जाडीने ऊब येते हा आमचा गैरसमज तिथे गेला. घट्ट वीण, चांगले अस्तर आणि आत अंगाबरोबरचे थर्मल, यांनी वारा अडतो आणि आकार फुगत नाही. कापण्याआधी चाचांनी कापडावर ओले फडके ठेवून इस्त्री फिरवली, लोकर पुढे आकसू नये म्हणून. मापे घेताना स्वेटर अंगात ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी कच्च्या टाक्यांवर घालून बघायला बोलावले तेव्हा हात पुढे करून जणू बसचा दांडा धरायला सांगितले, खाली बसवले, उठवले. पाठीत कुठे ओढले नाही. बाही मनगटाच्या हाडावर थांबली. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बाह्या दुमडाव्या लागल्या नाहीत.

शिलाईला तीन दिवस लागले. मधल्या शुक्रवारी नौहट्ट्याच्या जामा मशिदीत गेलो. तिथले 378 देवदारी खांब बघत किती वेळ बसलो कळले नाही. एकेक खांब अखंड, सरळ. धाकटीची मान वर गेली होती. हल्ली ती बहुतेक खाली बघूनच चालते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कोट मिळाला. चाचांनी बाजूच्या शिवणींत एकेक इंच कापड आत सोडले आहे. औषध लागू पडून वजन उतरले तर आवळता येईल, नाही उतरले तर सोडता येईल. दोन जादा बटणे कागदाच्या पुडीत बांधून दिली. घरी पोहोचल्यावर कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, असे बजावले. आमच्या दमट हवेचे त्यांना आम्ही सांगितले होते.

दलच्या काठाने चालत परत येताना धाकटी एकदम थांबली. फोन आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "आपा, मागे हो. अजून मागे. बूट आले पाहिजेत." तिच्या मागे शिकारे बांधलेले होते आणि उजेड जेमतेम उरला होता. फोटो तिने तिथेच पाठवून दिला. मगरिबची वेळ होत आली होती, म्हणून आम्ही पाय उचलले. हॉटेलच्या जिन्यात तिचा फोन वाजला. तिने तो हात लांब करून धरला आणि बोलत बोलत वर गेली.