साडेसातशे पौंडांचा विजय

गेली सोळा वर्षं मला पगार मिळतो तो दुसऱ्याने सांगितलेली किंमत पाडण्याचा. कॉव्हेंट्रीजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. एखाद्या ब्रॅकेटचा भाव आला की त्यात पत्रा किती, प्रेसचा वेळ किती, रंग किती, वाहतूक किती, नफा किती, हे सगळं सुटं करून मी पुरवठादारापुढे मांडतो. अडीच पेन्सच्या फरकावर दीड तास बोललेलो आहे.

अशा माणसाने 2022 च्या मे महिन्यात पन्नास वर्षांची एक उघडी मोटार घेतली, आणि ब्रॅकेटला विचारतो त्यातला एकही प्रश्न तिला विचारला नाही.

गाडी एमजीबी रोडस्टर. 1972 ची, दोघांपुरती, टप मागे टाकता येणारी, 1798 सीसीचं इंजिन, क्रोमचे बंपर. 1962 पासून 1980 पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यातून उघड्या आणि बंद मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. तिथल्या नियमांपायी 1974 च्या अखेरीस बंपर काळे रबरी झाले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली. म्हणून क्रोमवालीला आजही जास्त भाव. थोडक्यात, गाडी दुर्मिळ अजिबात नाही. सुटा भाग हवा तो मिळतो, अगदी अख्खी नवीकोरी बॉडीसुद्धा. मग एक एमजीबी पाच हजार पौंडांना आणि तशीच दिसणारी दुसरी पंधरा हजारांना का, याचं उत्तर एकच उरतं: तिची प्रकृती. हे वाक्य आज लिहिताना फार सोपं वाटतंय.

मी तेव्हा अभ्यास केला नव्हता असं नाही. एक्सेलची शीट केली होती. जाहिरातीतल्या 43 गाड्या, वर्ष, रंग, बंपर, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) आहे की नाही, मागितलेली किंमत. सरासरी काढली, आलेख काढला. साडेअकरा हजारांची ही गाडी आलेखात बरोबर मधोमध बसली आणि मला तेवढ्यानेच ती रास्त वाटली. माझ्या शीटमध्ये एकही विकली गेलेली किंमत नव्हती. चांगली आणि वाजवी गाडी चार दिवसांत उचलली जाते, तिची जाहिरात उतरते. महिनोन्महिने दिसत राहतात त्या कुणी न घेतलेल्या. म्हणजे मी न विकलेल्या गाड्यांची सरासरी काढून तिला बाजारभाव म्हणत होतो. लिलावात हातोडा कितीवर पडला ते लिलाववाले छापतात, तेही पाहिलं नाही. कारखान्यात हाताखालच्या पोराने असली शीट आणली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं.

गाडी कॉट्सवोल्ड्समधल्या एका खेड्यात होती. निघताना बायकोने विचारलं, "खालून बघणारेस ना?" "म्हणजे काय!" असं म्हणून मी फ्रिजवरचा गणपती काढून खिशात टाकला. हा गणपती पुण्याहून आलेला, पाठीला लोहचुंबक. गाडीच्या अंगाला चुंबक चिकटला तर तिथे पत्रा आहे, घसरला तर रंगाखाली लांबी भरलेली आहे, एवढं मला माहीत होतं. रंगावर चरा नको म्हणून रुमालात गुंडाळूनही घेतला.

विक्रेते निवृत्त गृहस्थ, अत्यंत सभ्य. गाडी आधीच गॅरेजबाहेर काढलेली, धुतलेली; गडद हिरव्या रंगावर पाण्याचे थेंब अजून होते. टप मागे टाकलेला. इंग्लंडात मे महिन्यात ऊन पडलं की माणसं अर्धी वेडी होतात, मी तर आधीच होतो. बॉनेटला हात लावला तर कोमट. मला वाटलं, किती काळजी, आपण येणार म्हणून इंजिन गरम करून ठेवलं! थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करतं, धूर कोणत्या रंगाचा सोडतं, हे सगळं त्या कोमटपणात झाकलं जातं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

मग चहा, आणि चहाबरोबर फाइल. जाडजूड, पावत्या तारखेवार लावलेल्या. "आजवर चौदा हजारांच्या वर घातले आहेत," ते म्हणाले. चौदा घातले आणि मागतोय साडेअकरा, म्हणजे आपल्याला अडीच हजार मोफत, असा हिशोब माझ्या डोक्यात झाला. पावत्या मी चाळल्या, वाचल्या नाहीत. घरी येऊन वाचल्या तेव्हा कळलं: तारांची चाकं, चामड्याच्या सीट, नवा टप, क्रोमचं काम, अख्ख्या गाडीला रंग, रेडिओ. वेल्डिंगची पावती एकही नाही. चौदा हजार खरे होते. ते सगळे डोळ्याला दिसणाऱ्या जागी गेले होते.

आणि चक्कर. डाव्या-उजव्या बाजूला पिवळीधमक फुललेली शेतं, डोक्यावर आभाळ, दगडी भिंतींवर आपटून परत येणारा सायलेन्सरचा आवाज. मैलभर गेलो असू. चाळिसाच्या वर काटा गेला नाही, ओव्हरड्राइव्हची कळ दाबून पाहिली नाही, टप एकदाही वर चढवून पाहिला नाही. परत येऊन उतरलो तेव्हा मी मनाने गाडी घेऊन चुकलो होतो. पुढचं सगळं नाटक.

खिशातल्या गणपतीवर हात होता. पण ज्याने आत्ताच बिस्किटं पुढे केली त्या माणसाच्या देखत गुडघे टेकून त्याच्या गाडीला चुंबक लावायची मला लाज वाटली. माझे आजोबा खरसुंडीच्या बाजारात खिलार घ्यायला गेले की आधी बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचे, खूर उचलून बघायचे, चालवायचे, मग उपरण्याखाली दलालाची बोटं धरायचे. बैलवाल्याला त्यात कसला अपमान? दात न बघता पैसे मोजणाऱ्यालाच बाजार हसायचा. आजोबांच्या नातवाने वाकून गाडीखाली एक नजर टाकली. सगळं काळंभोर, ताजं अंडरसील, म्हणजे गंजरोधक लेप, लावलेलं. "छान ठेवलीय," असं मीच म्हणालो.

मग मी माझं कसब दाखवलं. टायर जुने आहेत (होतेच), टपाची एक काच धुरकट आहे, डिकीच्या झाकणाला पोपडा आहे. साडेअकरापासून खेचत खेचत दहा हजार साडेसातशेवर आणलं. त्यांनी जरा वेळ शेताकडे पाहिलं आणि हात पुढे केला. परतताना मी गाडीत एकटाच गात होतो. साडेसातशे पौंड पाडले! मला आज स्वच्छ दिसतं की घासाघीस करता येणं आणि किंमत कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मला इतकं चांगलं येतं की दुसरं केलं नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. साडेअकरा हजार ही चांगल्या एमजीबीची किंमत होतीच. ही चांगली एमजीबी आहे का, हा प्रश्न मी वाटाघाटीत आणलाच नाही.

त्या संध्याकाळी गणपती फ्रिजवर परत लावायला खिशातून काढला आणि काय वाटलं कोण जाणे, बाहेर गेलो. पुढचं मडगार्ड: टक्कन चिकटला. दार: चिकटला. दाराखालची पट्टी, तिला इथे सिल म्हणतात: रुमालासकट गणपती सुळकन घसरून माझ्या चपलेवर पडला. वीतभर पुढे लावला, पुन्हा घसरला. मागच्या चाकाच्या जरा आधी कुठे धरला. दुसऱ्या बाजूलाही तेच. घरात येऊन मी गणपती फ्रिजवर लावला आणि बायकोला काही सांगितलं नाही.

एमजीबीला वेगळी चासी नसते. अंगचा पत्रा हाच सांगाडा. बंद गाडीत छपरही भार पेलतं. उघड्या गाडीला छप्परच नाही, म्हणून पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना धरून ठेवायचं काम मुख्यतः दाराखालच्या या दोन सिलांचं. प्रत्येक सिल म्हणजे पत्र्यांची लांबट पेटी: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये एक उभा पडदा आणि तळाशी कॅसल रेल नावाची पन्हाळीसारखी पट्टी. पाणी आत शिरतं, चिखल साठतो, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं.

दोन दिवसांनी गाडी वेल्डरकडे नेली. वयाने माझ्याएवढाच, बोलणं कमी. त्याने हातोडीच्या दांड्याने सिलवर पुढून मागे ठोकत आवाज ऐकला: टण्ण, टण्ण, थप्प, थप्प, थप्प. मग मला म्हणाला, "दार उघडा आणि लावा." लावलं, छान लागलं. त्याने पुढून आणि मागून गाडी उचलली, म्हणजे मध्ये आधार नाही, आणि म्हणाला, "आता लावा." दार चौकटीला अडकलं. पत्र्याच्या पेट्यांत जोर नसल्यामुळे गाडी मधे झुकली होती. शेवटी त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अंडरसीलमधून वर दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला तांबडा भुगा आणि मळकट गुलाबी लांबीचा तुकडा होता. कुणीतरी जुन्या कुजलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा बसवून, वर लांबी भरून, घासून, रंगवून दिलं होतं.

"घेताना कुणाला दाखवली होती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. तो काही बोलला नाही. अंदाजपत्रक लिहायला लागला.

त्या रात्री मी जे करायला पाच मिनिटं लागतात ते केलं. इथे एमओटी म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी. गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनचे निकाल सरकारी नोंदीत कुणालाही फुकट बघता येतात. 2016 चा शेरा: डावी सिल गंजली आहे, लक्ष ठेवा. 2017 चा शेरा: दोन्ही सिल गंजल्या आहेत. त्यानंतर एकही नोंद नाही. कारण 2018 च्या मेपासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिली नाही. "टॅक्स नाही, एमओटी नाही," असं त्या गृहस्थांनी सांगितलं होतं तेव्हा मी ते फायद्याच्या रकान्यात लिहिलं होतं. त्याचा सरळ अर्थ, पाच वर्षांत या गाडीखाली कुणी जाणकार शिरलेला नाही.

ते गृहस्थ खोटं बोलले का, यावर मी बरेच दिवस चरफडलो. मग त्यांची वाक्यं आठवून लिहून काढली. "मला कधी त्रास दिला नाही." खरं असेल. "रंग पाच वर्षांपूर्वी केला." पावती आहे. "खालून अंडरसील करून घेतलंय." डोळ्यांनी पाहिलं. वेल्डिंग कधी केलंय का, कुणी केलंय, फोटो आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं. उलट "छान ठेवलीय" हे प्रमाणपत्र मीच दिलं होतं. त्यांना फोन करायचा म्हणून दोनदा नंबर काढला आणि केला नाही.

वेल्डरने काम नीट केलं, हे सांगायला हवं. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी दांडे जोडून त्याने गाडी ताठ धरली. तसं न करता कापली तर गाडी मधे वाकते आणि मग दारं जन्मात बसत नाहीत. आतला पत्रा, पडदा, कॅसल रेल, बाहेरचा पत्रा, सगळं नवं. प्रत्येक टप्प्याचे फोटो माझ्याकडे आहेत, फाइलमध्ये लावले आहेत, चामड्याच्या सीटच्या पावतीच्या आधी. 5,900 पौंड. रंगाचे वेगळे 1,250. चाकांच्या हबवरचे दाते झिजले होते (ब्रेक दाबला की "टक" असा आवाज यायचा, मी तो रेडिओच्या नावावर खपवला होता), त्याचे 640. बायकोला एकूण आकडा मी सप्टेंबरात सांगितला. ती म्हणाली, "चार आण्याची कोंबडी..." आणि वाक्य पुरं केलं नाही. तेवढी कनवाळू आहे.

आता ओळखीतले कुणी जुनी गाडी बघायला निघाले की मला बोलावतात. मी चटई, टॉर्च आणि गणपती घेऊन जातो. पोचल्यावर आधी विचारतो, "गाडीखाली गेलो तर चालेल ना?" आजवर एकाही चांगल्या गाडीच्या मालकाने नाही म्हटलेलं नाही. एकदा एकाने नाही म्हटलं, तेव्हा आम्ही चहाही न घेता परतलो. तुम्हीही कुणाची उघडी गाडी बघायला जाणार असाल तर एवढं करा: किमतीचा विषय काढण्याआधी ती उचलून दार लावून बघा, आणि आदल्या रात्री फोन करून सांगा की इंजिन सुरू करू नका.

गेल्या वर्षी विम्यासाठी जुन्या गाड्यांच्या एका क्लबच्या तपासनिसाकडून गाडीची किंमत लिहून घेतली. तो अर्धा तास गाडीखाली होता. माझा एकूण खर्च 18,540 पौंड. त्याने लिहिलेली किंमत 11,800.