सहावा गिअर

विळ्याहून ताम्हिणी घाट चढायला लागलो, तेव्हा ट्रेलरवर पत्र्याच्या दोन कॉइल होत्या, मिळून २२ टन, आणि माझ्या डोक्यात ॲव्हरेज. माल पिरंगुटला उतरवायचा होता. माणगावपासून सपाटीला गाडी सहाव्या गिअरात, म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये, मजेत आली होती. म्हटलं, वेग आहे तोवर पहिला चढ याच गिअरात काढू.

दुसऱ्या वळणाआधीच घोडा बसायला लागला. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आम्ही घोडाच म्हणतो. ॲक्सिलरेटर तळाला टेकला, तरी आरपीएम १,६०० वरून १,१०० वर आला. केबिन थरथरू लागली, आरशात काळा धूर दिसला. टेम्परेचरचा काटा तेवढा वर चढत होता.

शेजारी अण्णा डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "कण्हतीय ती. ऐकू येतंय का तुला?"

पाचवा, चौथा, उभ्या चढाला तिसरा. इंजिनाचा आवाज मोकळा झाला. काटा सावकाश खाली आला.

घाट संपल्यावर मुळशी धरणाच्या पाण्याकाठी चहाला थांबलो. अण्णांनी फळीवर एका बाजूला चार ग्लास मांडले, दुसऱ्या बाजूला पाच. "हे इंजिनाचे फेरे, हे शाफ्टचे. ओव्हरड्राइव्हला चाराचे पाच होतात. फेरे वाढले की जोर घटणारच."

सपाटीला जोर कमी लागतो, म्हणून इंजिन निवांत फिरतं, डिझेल वाचतं. चढाला तेच इंजिन गुदमरतं. पंखा आणि पाण्याचा पंप त्याच्याच फेऱ्यांवर चालतात. म्हणजे इंजिन सर्वांत जास्त तापतं, तेव्हाच त्याला वारा-पाणी कमी पडतं.

"आणि उताराला?"

"तिथं तर हातच लावू नको. इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. ज्या गिअरात चढवलीस, त्याच गिअरात उतरव."

पुढच्या आठवड्यात माल भरून कोकणात निघालो. घाटाच्या तोंडालाच तिसरा टाकला. मागे पुण्याच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, वाजवू दिले. विळ्यात थांबून चाकाजवळ हात नेला. ड्रम तापला होता, पण लायनर जळाल्याचा वास नव्हता.

पुढे रस्ता सरळ झाला. मग सहावा टाकला.