गीझरची तेरीज

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला सहीचे भय उरत नाही. "इथे, इथे, आणि मागच्या पानावर इथे" असे बोट दाखवीत मी आजवर लोकांच्या हजारो सह्या घेतल्या आहेत. एखादा गृहस्थ सही करण्याआधी मजकूर वाचू लागला, की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. मी त्याला मागची रांग दाखवतो आणि म्हणतो, "काका, सगळं छापील आहे हो!" जे छापील ते बिनधोक, अशी माझी पक्की समजूत. हाच न्याय मी आमच्या गॅस गीझरला लावला, त्याची ही हकीकत.

गीझर आणायचे कारण अगदी साधे होते. आमच्या घरात आंघोळीचा क्रम वयाने ठरत नाही, पराक्रमाने ठरतो. पहिला नंबर सौभाग्यवतींचा, दुसरा कॉलेजात सायन्सला असलेल्या कन्येचा आणि तिसरा माझा. विजेच्या जुन्या गीझरची टाकी पंचवीस लिटरची. त्यामुळे माझ्या वाट्याला पाणी यायचे ते कोमट म्हणण्याइतकेही नसायचे. पुण्यातल्या डिसेंबरात, सकाळी, अशा पाण्याने आंघोळ करून कामावर जाणाऱ्या कारकुनाने काउंटरवर हसतमुख राहावे, अशी अपेक्षा करणे चूक आहे.

गॅसवर पाणी तापवणे स्वस्त पडते की महाग, हा प्रश्न निघाला तेव्हा कन्येने कागद घेतला. वीस लिटरची बादली, पाणी पंधरा अंशांवरून चाळिसावर न्यायचे, थोडी उष्णता वाया जाणार, असे काय काय मांडून तिने सांगितले, "बाबा, बादलीला साधारण 60 ग्रॅम गॅस." पुढचा हिशेब माझ्या प्रांतातला होता. सिलिंडर 14.2 किलोचा. म्हणजे सव्वादोनशेच्या वर बादल्या! मी लगेच मंजुरी दिली.

माझे आजोबा वाईला बंबावर पाणी तापवायचे. तांब्याचा बंब, मधल्या नळीत ढलप्या आणि कोळसे. तो पेटवताना घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांना धार लागायची. धूर स्वयंपाकघरातून फिरून देवघरात जायचा आणि देवही ठसकत असावेत असे वाटायचे. न्हाणीघराचे दार कधी धड लागले नाही आणि छपराच्या कौलांतून आभाळ दिसायचे. त्या फटींबद्दल आजी जन्मभर कुरकुर करीत राहिली. त्या फटी किती मोलाच्या होत्या, हे मला या वर्षी कळले.

गीझर घेऊन एक चुणचुणीत तरुण आला. त्याने विचारले, "सर, कुठं बसवायचा?"

मी म्हटले, "बाथरूमात. आणखी कुठे?"

"चालतंय," तो म्हणाला. बाहेर बसवायचा तर पाइप लांबवावा लागला असता, त्याचे पैसे वेगळे. खोक्यावर आणि यंत्राच्या अंगावरही काही सूचना छापलेल्या होत्या. त्या छापील होत्या, म्हणून मी वाचल्या नाहीत.

बाथरूमला एक तिरप्या काचांची बारीक खिडकी आहे. थंडीत तिच्यातून बोचरा वारा येतो, म्हणून दिवाळीनंतर मी स्वतः तिच्यावर प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने गच्च बसवला होता. घरात माझ्या हातून नीट पार पडलेली अशी कामे मोजकीच आहेत. तरुणाने त्या खिडकीकडे पाहिले, मी अभिमानाने पाहिले, आणि दोघांनीही पुढच्या कामाला हात घातला.

दोन तासांत नळ्या जोडल्या, दोन मोठे सेल बसवले. तरुणाने नळ सोडला. टक टक टक टक, भप्प! आत निळी रांग पेटली आणि नळाला कढत पाणी आले.

"टेस्ट ओके, सर. इथं सही."

कार्डावर लिहिले होते, 'चाचणी माझ्यासमोर झाली. काम समाधानकारक.' मी सही ठोकली. खाली तारीखही घातली. बँकेची शिस्त!

पुढचे आठ दिवस आम्ही राजवैभवात काढले. तीनही आंघोळी कढत पाण्याच्या! नाही म्हणायला, आंघोळीनंतर डोके थोडे जड व्हायचे. पण त्या डोकेदुखीची नोंद ज्याने त्याने आपापल्या आवडत्या खात्यावर टाकली. मी ती नव्या मॅनेजरच्या नावे टाकली, कन्येने परीक्षेच्या, आणि सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे माझ्या.

मग रविवार आला. रविवार हा कन्येचा केस धुण्याचा वार, आणि म्हणून गाण्याचाही. ती एकच ओळ बारा वेळा म्हणते, आणि बाराही वेळा वेगळ्या पट्टीत. वरच्या मजल्यावरच्या काकू त्या वेळात मुद्दाम भाजी आणायला जातात. मी गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो. सातव्या वेळेला गाणे मध्येच थांबले. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. पेपरातल्या शब्दकोड्यातला एक अडलेला शब्दही त्याच शांततेत सुटला.

स्वयंपाकघरातून सौभाग्यवती म्हणाल्या, "ही गप्प का झाली हो?"

"संपलं असेल गाणं."

"तिचं गाणं कधी संपलंय आजवर?" त्या हातातली पोळी तशीच टाकून दाराशी गेल्या. आत पाणी वाहत होते. दोन हाका मारल्या, दार वाजवले. मग कडी कशीबशी सरकल्याचा आवाज आला आणि कन्येचे शब्द, "आई, पायच उचलत नाहीयेत..." आणि ती खाली बसली.

त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. सौभाग्यवतींनी तिला चादरीत गुंडाळून गॅलरीत मोकळ्या हवेत ओढत नेले. मी धावत जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. त्या दिवशीच्या माझ्या खात्यात जमेची बाजू एवढीच.

आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरचे काका धावत आले. करोनाच्या वेळी, 2020 साली घेतलेले बोटाचे यंत्र त्यांनी बरोबर आणले होते. कन्येच्या बोटाला लावले. आकडा आला अठ्ठ्याण्णव! माझा जीव भांड्यात पडला. अठ्ठ्याण्णव गुण मला बी.कॉम.ला दोन विषयांची बेरीज करूनच मिळायचे. मी म्हटले, "चहा टाक. काही नाही झालेलं."

"तुमचा आकडा ठेवा तुमच्यापाशी," सौभाग्यवती म्हणाल्या. "रिक्षा आणा."

डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. गीझर गॅसचा आहे का? आणि बाथरूममध्ये आहे का? लगेच तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि रक्त तपासायला पाठवले. अठ्ठ्याण्णवचा आकडा मी मोठ्या आशेने सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "ते यंत्र इथे फसतं. गॅस जळायला हवा लागते. ती पुरली नाही की अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तुमच्या त्या यंत्राला खुर्ची भरलेली दिसते. खुर्चीवर कोण बसलंय, ते त्याला ओळखू येत नाही."

ही भाषा मला कळली. सिलिंडरमधल्या गॅसला वास असतो, कारण तो गळला तर कळावा म्हणून मुद्दाम घातलेला असतो. पण ज्योतीत गॅसबरोबर तो वासही जळून जातो. जो अर्धवट जळून खोलीत साठतो, त्याला वास कोण घालणार?

बाकावर बसल्या बसल्या मला कॉलेजातले हिशेबाचे सर आठवले. ते म्हणायचे, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नका. दोन्ही बाजूंना लिहायचीच राहिलेली नोंद तेरजेत कधी सापडत नाही. तिला विसरचूक म्हणतात. परीक्षेत हे उत्तर मी बरोबर लिहिले होते. आमच्या गीझरची तेरीजही चोख जुळली होती. इकडून गॅस, तिकडून गरम पाणी. हवेची नोंद तेवढी कुठल्याच बाजूला नव्हती. ती मी स्वतः चिकटपट्टी लावून पुसून टाकली होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी कन्येला घरी सोडले. जाताना म्हणाले, "दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." आणि वाक्य अर्धेच ठेवले.

मंगळवारी एक वयस्क मिस्त्री आले. बाथरूममध्ये शिरून त्यांनी गीझरकडे पाहिलेच नाही. खिडकीकडे पाहिले आणि म्हणाले, "हे कुणी केलंय?"

मी म्हटले, "आधीच्या भाडेकरूने." घर माझ्या मालकीचे आहे. सौभाग्यवतींनी माझ्याकडे नुसते पाहिले.

मिस्त्रींनी आधी कागद टरकावला. मग गीझर उतरवून बाहेर ड्राय बाल्कनीत, उघड्या जाळीशेजारी बसवला. आत आली ती फक्त गरम पाण्याची नळी. "न जळलेला गॅस खाली बसतो," ते म्हणाले, "अन् जळलेला गरम असतो, तो वर जातो. म्हणून खालून बी वाट पायजे, वरून बी."

नंतर चाचणी सुरू झाली. साबणाचा फेस करून तो प्रत्येक जोडावर ब्रशाने लावला. तीन जोड गप्प राहिले. रेग्युलेटरजवळच्या चौथ्यावर मोहरीएवढा एक फुगा हळूच मोठा झाला. "ह्यो बघा चोर!" जोड आवळला, पुन्हा फेस लावला, पुन्हा वाट पाहिली. मग नळ अगदी बारीक सोडून ठिणगी कितव्या वेढ्याला पडते ते पाहिले. नळ बंद केल्याबरोबर ज्योत विझते का, हे एकदा नाही, पाच वेळा पाहिले. ज्योत निळी आहे का, कुठे पिवळे शेंडे येत आहेत का, हे पाहायला मला जवळ बोलावले. "पिवळी झाली की वापरायचा न्हाई. मला फोन करायचा."

आधीच्या तरुणाने पाणी गरम होते का, हे पाहिले होते. मिस्त्री कुठेकुठे बिघडू शकते, ते पाहत होते. बँकेत नोंद करणारा वेगळा आणि ती तपासणारा वेगळा असतो, तो याचसाठी.

शेवटी त्यांनी कार्ड मागितले. उघडून पाहिले आणि म्हणाले, "सही तर झालीय की तुमची. समाधानकारक म्हणून."

बावीस वर्षांत स्वतःच्या सहीची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तिच्याखाली मी त्या दिवसाची तारीख घालून पुन्हा सही केली. या वेळी आधी मजकूर वाचला.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक आजोबा फॉर्म वाचू लागले. मागची रांग चुळबुळली. मी आजोबांना खुर्ची दिली आणि माझा चष्माही देऊ केला. मॅनेजरने काचेतून माझ्याकडे संशयाने पाहिले.

कन्या आता ठणठणीत आहे. रविवारी बाथरूमची खिडकी उघडी असते आणि तेच गाणे, तीच ओळ, पूर्वीपेक्षा लांबवर ऐकू जाते. मी गॅलरीत पेपर उघडून बसतो, पण वाचत नाही. आवाज जरा थांबला, की मी दाराशी जाऊन ओरडतो, "थांबू नकोस गं, चालू दे!"

हे ऐकल्यापासून वरच्या काकू माझ्याशी बोलत नाहीत.