राहूदे नावाचा देव

वयाच्या बाहत्तराव्या वर्षी आपल्याला एक नवा देव घडवावा लागेल, असे भविष्य कुणी वर्तवले असते तर मी त्याला हसून वाटेला लावले असते. आहेत त्या देवांचेच माझ्या हातून नीट होत नाही. पण गेल्या श्रावणात एका रात्री जेवणे आटोपल्यावर नातवाने माझ्यापुढे वही टाकली आणि बाजारातून कोथिंबीर आणायला सांगावी इतक्या सहजपणे तो म्हणाला, "आजोबा, एक देव हवाय. निराशेचा. रविवारपर्यंत."

देव हवा होता तो खेळासाठी. ज्या घरांत हा खेळ अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो एका काल्पनिक जगाची गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे, कुणी तलवारबहाद्दर, कुणी चेटक्या, कुणी चोर, कुणी पुजारीण, आणि त्या गोष्टीत शिरून "मी आता दार उघडतो", "मी त्या राक्षसाशी बोलून बघते" असे आपापले डाव सांगायचे. डाव साधला की फसला, हे वीस तोंडांचा एक फासा ठरवतो. गोष्ट कुठे जाऊन पोहोचणार हे खुद्द सूत्रधारालाही पुरते ठाऊक नसते. आमच्या लहानपणी कीर्तनात बुवांना मध्येच थांबवून "मी बिभीषण असतो तर असे केले असते" म्हणायची सोय असती, तर मागच्या रांगेत कुणी पेंगले नसते!

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा नावाच्या गावी हा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि त्या वर्षांत तो घरच्या तळघरात जोडे दुरुस्त करून संसाराला हातभार लावीत होता. हे कळल्यापासून मला या माणसाविषयी उगीचच आपुलकी वाटू लागली आहे. दिवसा लोकांच्या टाचा ठोकायच्या आणि रात्री ड्रॅगन जन्माला घालायचे!

या खेळाला देवही लागतात, कारण पुजारी आला की देव आलाच. १९८० साली देवांचे एक स्वतंत्र पुस्तकच निघाले. त्यात ग्रीकांचे देव आहेत, इजिप्तचे आहेत आणि आपलेही आहेत. इंद्र आहे, आणि किती घाव सोसल्यावर इंद्र पडेल याचा आकडा त्याच्यापुढे छापलेला आहे. हे पुस्तक वृत्रासुराच्या हाती पडले नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे.

सूनबाईंना मात्र हा उद्योग पसंत नव्हता. "आता सण तोंडावर आले, घरात ही अवदसा कशाला?" असे त्या म्हणाल्या. त्यांची काळजी अगदीच जगावेगळी नव्हती. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक पालकांनी या खेळावर सैतानाच्या पूजेचा आळ घेतला होता. मी त्यांना एवढेच म्हटले की, अलक्ष्मी आपल्याही घरी दरवर्षी येते. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून तिला केरसुणीने बाहेर काढायची चाल माझ्या आजीच्या घरी होती. जिला घालवायचे तिला आधी नाव तर द्यायला हवे.

हे मी मोठ्या ऐटीत बोलून गेलो खरा, पण देव काही सुचेना. तयार माल पुष्कळ होता. डन्सनी नावाच्या आयरिश उमरावाने १९०५ साली एक अख्खे दैवतशास्त्र रचले. त्यातला थोरला देव झोपलेला आहे आणि त्याने जागे होऊ नये म्हणून एक जण सतत ढोल वाजवतो आहे. ढोल थांबला की जग संपले! लव्हक्राफ्टचा समुद्राच्या तळाशी निजलेला अजस्र कथुलू १९२८ साली एका मासिकात छापून आला. याच खेळाच्या एका प्रसिद्ध जगात शार नावाची काळोखाची देवी आहे. तिच्या भक्तांना ती दुःखाचा विसर पाडते. ही बाई मला त्यातल्या त्यात जवळची वाटली. तरीही मी आपला दहा तोंडांचा, कवट्यांवर बसलेला, काळ्या धुराचा एक देव लिहून काढला आणि वही नातवाकडे दिली.

त्याने ती वाचली. "आजोबा, हा भीतीचा देव झाला," तो म्हणाला.

"मग निराशेचा कसा असतो?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तो खूप चांगला वागतो."

इथे दोन वर्षांमागची हकिगत सांगणे भाग आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा जागा मिळाली नाही. दुसऱ्या निकालानंतर तो रडला नाही, चिडला नाही. तसे काही केले असते तर आम्हाला बरे वाटले असते. "डोसा करू का?" "राहू दे." "केस कापून येतोस का?" "राहू दे." "अरे, मित्राचा फोन आहे." "राहू दे." चार महिने आमच्या पार्ल्याच्या ब्लॉकमध्ये या दोन शब्दांखेरीज त्याचा आवाज ऐकू आला नाही. आम्ही सगळे मांजराच्या पावलांनी वावरत होतो. सूनबाई त्याच्या खोलीच्या दाराशी ताट ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहत. मग हे तीन मित्र दर रविवारी न बोलावता यायला लागले, दिवाणखान्यात फासे मांडून आरडाओरडा करू लागले, आणि एका रविवारी तो दार उघडून बाहेर आला. आता तो बी.एस्सी. करतो आहे. त्या चार महिन्यांविषयी मात्र घरात कुणी चकार शब्द काढीत नव्हते. त्यानेही कधी काढला नव्हता.

म्हणून तो बोलू लागला तेव्हा मी मान खाली घालून नुसता लिहीत गेलो. वर पाहिले असते तर तो थांबला असता.

"त्याच्या देवळात अंधार नसतो," तो म्हणाला. "पडदे ओढलेल्या खोलीत दुपारी चारला असतो ना, तेवढा उजेड असतो. गादी असते. दार उघडंच असतं, कुणी अडवत नाही. केव्हाही जाता येईल, म्हणूनच कुणी जात नाही."

"भक्तांकडून काय मागतो?"

"मागत काही नाही. एकेक गोष्ट परत घेतो. आधी पुढच्या वर्षाचं बोलणं बंद होतं. मग पुढच्या महिन्याचं. मग उद्याचं."

"आणि देतो काय?"

"आराम."

"खोटं बोलतो का?"

"कधीच नाही. तेच तर. त्याचं सगळं पटतं."

मी लिहायचा थांबलो नाही, पण अक्षर बिघडले असावे. "नाव काय ठेवू या?" मी विचारले. तो किंचित हसला. "राहूदे," म्हणाला.

मग मीही माझे भांडवल बाहेर काढले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हॅग्रियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी राहत असे. एकांतात बसलेल्या साधूला भर दुपारी गाठणाऱ्या एका सैतानाचे त्याने वर्णन करून ठेवले आहे. हा सैतान आला की सूर्य जागचा हलेनासा होतो आणि दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. साधू बिचारा पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणवेळ किती दूर आहे याचा अंदाज घेतो. नातू हे ऐकून म्हणाला, "चौथं शतक?" आणि बराच वेळ पेन चावत बसला. आपल्या वेदांतली निर्ऋतीही त्याला सांगितली. नैर्ऋत्य दिशा तिची, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात कपोत हा तिचा दूत आहे. आमच्या गॅलरीत ठाण मांडून बसलेल्या कबुतरांकडे त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच आदराने पाहिले. राहूदेचे वाहन ठरले ते तिथेच.

एक अडचण उरली. या देवाला हरवायचे कसे? इंद्राला आकडा आहे, याला कोणता द्यायचा?

"आजी गेल्यावर तुम्हाला भेटला होता का हा?" नातवाने मध्येच विचारले.

ती गेली ते २०१९ साल. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारले नव्हते. "भेटला होता," मी म्हटले. "चांगला पाच-सहा महिने मुक्काम होता."

"मग गेला कसा?"

मी आठवू लागलो. कुणाच्या उपदेशाने गेला नाही, हे नक्की. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मला गीता सांगितली होती आणि उरलेल्यांनी सकाळी फिरायला जायला सांगितले होते. एके दिवशी धोबी आला. त्याची वही हीच ठेवीत असे. मी सवयीने म्हणालो, "राहू दे, ठेवून जा." तो म्हणाला, "साहेब, मोजून घ्या. मागल्या खेपेला एक अभ्रा कमी होता, बाई असत्या तर सोडलं नसतं मला." मी खाली बसून कपडे मोजले. एकोणीस भरले. वहीत वीस होते. अभ्रा याही खेपेला कमीच होता! त्या अभ्र्यावरून मी धोब्याशी दोन दिवस भांडलो, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आले की आपल्याला भूक लागली आहे.

नातू खो खो हसला. मीही हसलो. आणि मग मला नळराजा आठवला.

गोष्ट महाभारताच्या वनपर्वातली आहे. कली नळाच्या अंगात शिरण्यासाठी टपून बसला होता, आणि बाराव्या वर्षी, पाय न धुता संध्या केली एवढ्या निमित्तावर तो शिरला. मग नळ फाशांत राज्य हरला. फाशांनी पक्षी होऊन त्याचे अंगावरचे वस्त्रही नेले, आणि विदर्भाच्या त्या दमयंतीला अरण्यात झोपलेली टाकून तो निघून गेला. हा कली निघाला कसा, पाहा. नळ ऋतुपर्णाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघाला होता. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याची पाने आणि फळे किती ते नुसत्या नजरेने सांगितले. नळ हट्टाला पेटला. त्याने रथ थांबवला आणि फळे मोजून पाहिली. आकडा बरोबर निघाला. ऋतुपर्णाने त्याला फाशांची विद्या दिली, आणि त्या क्षणी कली विष ओकत त्याच्या अंगाबाहेर पडला. फासे पूर्वी बेहड्याच्याच फळांचे असत, हे मी सांगितले तेव्हा नातवाने वीस तोंडांचा तो प्लॅस्टिकचा फासा उचलून उजेडात धरला.

वहीत राहूदेच्या नावापुढे बळाचा रकाना रिकामा ठेवायचे ठरले. शस्त्र लागत नाही, मंत्र लागत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलेली एखादी क्षुल्लक वस्तू भक्ताने खरोखर मोजली, तर फासा टाकायचा. पंधराच्या वर आला तर सुटका. हा नियम अर्थातच गुप्त.

रविवारी मी कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. ते उलटे नव्हते, पण वाचतही नव्हतो. तलवारबहाद्दराने देवावर तीन वार केले, तिन्ही आरपार गेले. चष्मा लावणारा मुलगा तिरंदाज झाला होता. त्याचा फासा लागोपाठ तीनदा पडला आणि तो गादीवर बसला तो बसलाच. "तू काय करतोस?" या प्रश्नाला तो नियमाप्रमाणे उत्तर देत होता, "राहू दे." पहिल्यांदा सगळे हसले. पाचव्यांदा कुणी हसले नाही. सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

पुजारीण झालेल्या मुलीने सगळे उपाय केले. तिने प्रार्थना म्हटली. ऊठ म्हणून दटावले. तुझ्या आईला काय वाटेल, असेही विचारून पाहिले. सूत्रधार मान हलवीत राहिला. शेवटी ती वैतागली. "ठीक आहे, बस तू! पण गुहेत माझ्याकडून घेतलेले बाण परत दे आधी. मला लागणार आहेत. किती होते? मोज."

"राहू दे," तिरंदाज म्हणाला.

"अजिबात नाही. मोज!"

त्याने समोरचा कागद ओढला आणि बोट ठेवून मोजू लागला. "सात," तो म्हणाला. "नाही, थांब. सहा. एक मी ड्रॅगनवर मारला."

नातवाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने फासा टेबलावरून सरकवला. "टाक," तो म्हणाला. आवाज थोडा घोगरा झाला होता. सतरा पडले.

पुढचा अर्धा तास प्रचंड गोंगाट झाला. देव देवळातून निघून बाहेरच्या बेहड्यात शिरला, असे सूत्रधाराने जाहीर करताच तलवारबहाद्दर म्हणाला, झाड तोडा. पुजारीण म्हणाली, तोडलेस तर तो आपल्यातच कुणाच्या तरी अंगात येईल. मग मला पंच म्हणून बोलावण्यात आले. मी त्यांना खरे ते सांगितले, की महाभारतात फळे मोजण्यासाठी नळाने ते झाड आधीच तोडले होते. यावर तिरंदाजाने चष्मा वर सरकवून विचारले, "मग आजोबा, कली शिरला कशात?"

मला उत्तर येईना. साडेदहा वाजून गेले तरी वाद चालूच होता. खालच्या मजल्यावरून छतावर काठी वाजली तेव्हा कुठे सूनबाईंनी सगळ्यांना जेवायला बसवले.