फाटकावरची नोंदवही

वैनगंगेच्या खोऱ्यातील एका लहान नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा शौचालयांची संख्या, अनुदानाचे हप्ते आणि हागणदारीमुक्तीचे दाखले यांचा घरटी तपशील माझ्या दप्तरी होता. परंतु त्या शौचालयांच्या टाक्या भरल्यावर त्यांतील मैला कोठे जातो, याविषयी एकही ओळ सापडेना.

याचे उत्तर भाद्रपदातल्या एका पहाटे चार शेतकऱ्यांनी माझ्या दारी आणले. ज्या मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाण्यावर त्यांच्या धानाच्या बांध्या पोसल्या जात, त्याला मिळणाऱ्या नाल्यात टाकी उपसणाऱ्या गाडीने रात्री मैला ओतला होता, आणि आता त्या पाण्यात अनवाणी उतरावे तरी कसे, असे ते विचारीत होते. चालकास बोलावले तेव्हा दंडाचा हुकूम मनात तयार होता, पण मान खाली घालून तो म्हणाला, "साहेब, रातच्याला फाटक बंद राह्यते, अना दिवसा गेलो तं पैसे मांगते. मंग गाडी कोठी रिती करू?" गावाबाहेर आमचेच मैला-गाळ प्रक्रिया केंद्र होते, त्याचे फाटक कचेरीच्या वेळेतच उघडे राही आणि आत येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून शुल्क घेतले जाई. मैला योग्य स्थळी आणणाऱ्यावर आकार आणि नाल्यात ओतणाऱ्यास माफी, असा उफराटा शिरस्ता आम्हीच घातला होता.

मुख्याधिकाऱ्यांपुढे टिपणी ठेवून ते शुल्क मी रद्द करविले, वेळ रात्री आठपर्यंत वाढविली, आणि उपशाची रक्कम घरमालकाकडून आगाऊ घेऊन, गाडी केंद्रावर रिती झाल्याची नोंद झाल्यावरच चालकास फेरीचे पैसे द्यावेत, अशी तजवीज केली. वाई व सिन्नर येथे तीन वर्षांच्या पाळीने प्रत्येक टाकी उपसण्याची आणि तिचा खर्च करातून भागविण्याची जी पद्धत बसविली गेली, ती मला याहून श्रेयस्कर वाटते. कारण तेथे टाकी तुंबण्याची वाटच पाहिली जात नाही.

पुढचे दोन पावसाळे मी त्या फाटकावर पुष्कळ वेळ काढला. जुन्या टाकीतला मुरलेला गाळ काळा असतो आणि गिट्टी-रेतीच्या वाळवण वाफ्यावर लवकर पाणी सोडतो. वारंवार उपसल्या जाणाऱ्या सार्वजनिक शौचालयांतला पिवळसर, कच्चा मैला मात्र दिवसेंदिवस तसाच चिकट राहतो, हे मला मुकादमाने शिकविले. एकदा गॅरेजमधले काळे तेल मिसळलेली गाडी आली, तेव्हा तिच्या रंगाने आम्ही फसलो, पण वासाने सावध झालो. ते तेल आत गेले असते तर निचऱ्याचे पाणी शुद्ध करणारे जीवाणूच नष्ट झाले असते. वैशाखात वाफे भराभर वाळत. श्रावणात छपराखालीही हवेतली आर्द्रता गाळ सुकू देत नसे, आणि गाड्या मात्र त्याच दिवसांत अधिक येत, कारण जमिनीत पाणी चढले की टाक्या तुंबतात.

आमच्या पूर्वजांनी या द्रव्याला सोनखत म्हटले आणि कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ते खत करण्याचे काम स्वतःच्या हातांनी केले. त्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. तरीही भाजीवाल्यांनी खत मागितले तेव्हा मी नकार दिला, कारण जंतांची अंडी वाळल्या गाळातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कुजवून, साठवून मगच ते आम्ही रस्त्याकाठच्या झाडांना घातले.

एका घरी बारा वर्षांनी टाकी उघडली. तळाचा गाळ दगडासारखा बसला होता, आणि मालकाने सहज सुचविले की, पोऱ्याला आत उतरवावे. 2013 च्या कायद्याने हे निषिद्ध आहे, एवढे सांगून मी थांबलो नाही; टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आधी घ्राणेंद्रियच बधिर करतो, दुर्गंधी गेली असे वाटते त्याच क्षणी माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही, हे मी त्यांना ओट्यावर बसवून समजाविले. मग पाण्याचा जोरदार झोत सोडून सायंकाळपर्यंत गाळ सैल केला. निघताना पुढच्या उपशाची, तीन वर्षांनंतरची, तारीख लिहून दिली. गृहस्थांनी तो कागद विजेच्या बिलांच्या तारेला ओवला, आणि चालकाने फाटकावरच्या वहीत त्या दिवसाची तिसरी फेरी नोंदविली.