क्योतोची घंटा आणि शेतकऱ्यांच्या तलवारी

जपानच्या धम्मयात्रेत नारा येथील महाबुद्ध पाहून आम्ही क्योतोला आलो. तेथे होकोजी नावाचे विहार आहे. आवारात 1614 साली ओतलेली अवाढव्य घंटा टांगलेली आहे. ज्या बुद्धमूर्तीसाठी विहार बांधले ती मात्र नाही. पहिली मूर्ती 1596 च्या भूकंपात गेली, नंतरच्याही टिकल्या नाहीत.

1588 साली हिदेयोशी या सत्ताधीशाने फर्मान काढले की, शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका सरकारजमा कराव्यात. त्या लोखंडाचे खिळे महाबुद्धाच्या मंदिराला लागतील आणि देणाऱ्याचे इहलोकी-परलोकी कल्याण होईल! खरे कारण शेतकऱ्यांच्या उठावांचे भय. सामुराईंच्या तलवारी कमरेलाच राहिल्या. हिदेयोशी स्वतः गरीब शेतकरी घरातला, हे विशेष. तथागताचे नाव पुढे करून कष्टकऱ्याला निःशस्त्र करणाऱ्या याच माणसाने पुढे कोरियावर फौजा धाडल्या. विहाराजवळच मातीचा एक उंचवटा आहे. कोरियातून कापून आणलेली हजारो माणसांची नाके-कान त्यात पुरली आहेत. तेथे आमच्यापैकी कोणालाच बोलवेना.

चातुर्वर्ण्याने शूद्रांना शस्त्रही नाकारले आणि विद्याही, म्हणून त्यांना बंड करता आले नाही, असे बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. हत्यार कोण काढून घेतो आणि कोणाचे, हे आधी पाहावे लागते.

आजचा जपान निराळा आहे. 1958 च्या कायद्याने सामान्य माणसाला पिस्तूल मिळतच नाही. शिकारीची बंदूक हवी तर लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, डॉक्टरांचा दाखला. पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतात, घरातले कुलपाचे कपाटही तपासतात. शेतकरी असो की कारखानदार, नियम एकच. 8 जुलै 2022 रोजी नारामध्येच माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून झाला, तोही घरी बनवलेल्या बंदुकीने. त्यावर जपानी लोकांनी स्वतःसाठी बंदुका मागितल्या नाहीत. 2024 साली कायदा आणखी कडक झाला. आम्हाला हे पटते.

आमच्यातल्या एका तरुणाचा भाऊ अमेरिकेत असतो. त्याला याचे मोठे नवल वाटले. तेथे 1791 च्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क मानला आहे. गुन्ह्यांची भीती वाढली की बंदुकीच्या दुकानात गर्दी होते. 2021 साली तेथे 48 हजारांवर माणसे गोळीने मेली; त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या. म्हणजे चोरासाठी आणलेली बंदूक पुष्कळदा घरच्यावरच चालते. आणि हक्क तरी सर्वांचा होता काय? 1865 साली मिसिसिपी राज्याने गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या लोकांना परवान्यावाचून बंदूक ठेवण्यास मनाई केली. गोऱ्यांना तो कायदा लागू नव्हता. आज कायद्याच्या पुस्तकात तो भेद उरलेला नाही. पण गोळीबाराच्या खुनांत लोकसंख्येच्या मानाने काळ्या वस्त्यांतलीच पोरे फार अधिक मरतात.